चोथा

तेगू शहरात, बाजारामागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर
दहा ते आठ मी उभी असते, पांढरा एप्रन घालून,
आणि दर वीस मिनिटांनी एक गाजर संपवते.

तीन यंत्रं माझ्या ताब्यात.
एक उभं, रुंद तोंडाचं, अख्खं सफरचंद गिळतं,
देखणं, लग्नाच्या आहेराला हमखास.
दुसरं आडवं, एका मळसूत्राचं,
गव्हांकुर, सेलरी, मिनारीची जुडी,
धागे असलेलं काहीही निमूट चावतं.
तिसरं जुळ्या दात्यांचं, दगडासारखं जड,
किंमत ऐकून माणसं
एकदम घड्याळाकडे बघतात.

तिघंही हळू. हळू हेच आमचं भांडवल.
घाई केली की रस फेसाळतो,
असं मी दिवसातून तीस वेळा म्हणते
आणि दुपारचा भात चार घासांत उरकते.

मंगळवारी ओक मालबुन आली.
(नाव नंतर कळलं, हमीपत्र भरताना. वय बहात्तर.)
पिशवीत स्वतःची गाजरं.
"तुमची गाजरं तुमचं ऐकतात," म्हणाली,
"माझी घाला."

घातली. तिन्हींत एकेक.
रसाकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही.
चोथा उचलला, मुठीत धरला,
आणि डोळे मिटून पिळला.
पहिल्याचे थेंब माझ्या एप्रनवर उडाले.
दुसऱ्याचा एकच, मनगटापर्यंत जाऊन थांबला.
तिसऱ्याचा काही नाही. मूठ उघडली तर भुसा.

"एकोणचाळीस वर्षं तिळाचा घाणा चालवला आम्ही.
गिऱ्हाईक बाटली बघायचं.
आम्ही पेंड बघायचो."

मी मनातल्या मनात कमिशन मोजू लागले.

"आता खोल. मी धुते."
धुतलं तिनं, तिथल्याच बेसिनमध्ये, जाळीचं भोक न् भोक.
जुळे दाते उचलताना मनगट लटपटलं.
दुसऱ्याचं मूल खाली ठेवावं
तसे अलगद ठेवले.
"याला माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाई लागेल."

मग मी माझं हुकमी वाक्य काढलं,
उभ्या यंत्रावर हात ठेवून:
"याला तर काही कापावंच लागत नाही!
अख्खं टाका आणि बसा."

"कापावंच लागत नाही?"
"मुळीच नाही."
"मग तो काय करेल?"

तो, म्हणजे नवरा, थेगिल.
निम्मं पोट काढून टाकलंय डॉक्टरांनी.
रस प्यायचा तो दोन चमचे, दिवसातून सहा वेळा,
तोही चावल्यासारखा करून.
पण पहाटे उठतो, वर्तमानपत्र पसरतो,
आणि गाजराच्या काड्या करतो,
आगपेटीतल्यासारख्या, एका मापाच्या.
घाण्यावर हिशेब त्याच्याकडे असायचा.
आता काड्या मोजतो.
"तेवढंच राहिलंय त्याच्या हाताला.
तेही यंत्राला देऊ?"

आम्हाला प्रशिक्षणात अकरा प्रश्न शिकवतात:
आवाज, फेस, बियांचं काय, हमी किती वर्षांची.
हा त्यांत नव्हता.

आडवं घेतलं तिनं.
अरुंद तोंडाचं, दोन बोटं जेमतेम जातील असं,
हप्त्यांवर नाही, रोख.
मी म्हटलं, "पण यात तो एक थेंब राहतो मागे."
"राहू दे. चोथ्याचं धिरडं घालीन.
मला दात आहेत अजून."

रंग विचारला. काळा, करडा, पांढरा.
"पांढरा. डाग दिसला पाहिजे."

खोकं बांधेपर्यंत ती पिशवीत हात घालून
गाजरं चाचपत होती, ओठ हलत होते.
"बारा दिली होती त्यानं.
तीन तुझ्याकडे गेली.
नऊ."
आणि पुन्हा एकदा, पहिल्यापासून.
"विचारेल तो," म्हणाली.